विश्लेषण : छोट्या विमानात हीटर असूनही गारठा का? आणि ऊब जीवघेणी कधी ठरते?

फ्रान्समधील नान्त येथून २१ जानेवारी २०१९ च्या संध्याकाळी एका इंजिनाचे पायपर मालिबू विमान वेल्समधील कार्डिफकडे निघाले. विमानात दोघेच होते. एक वैमानिक आणि दुसरा अर्जेंटिनाचा २८ वर्षीय फुटबॉलपटू एमिलियानो साला. कार्डिफ सिटी क्लबने त्याला नुकतेच करारबद्ध केले होते. गर्न्सी बेटाजवळ हे विमान इंग्लिश खाडीत कोसळले. पुढे सालाच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यातील ५८ टक्के हिमोग्लोबिनला प्राणवायूऐवजी कार्बन मोनॉक्साइड चिकटलेला आढळला. इंजिनाचा धूर केबिनमध्ये शिरला होता. अपघाताला इतरही कारणे होती, वैमानिकाकडे रात्रीच्या उड्डाणाची पात्रताच नव्हती. मात्र तोही या वायूच्या अमलाखाली असण्याची दाट शक्यता ब्रिटनच्या हवाई अपघात अन्वेषण विभागाने मार्च २०२० च्या अहवालात नोंदवली. छोट्या विमानातील गारठा, तो घालवण्याचे उपाय आणि हा धोका हे तिन्ही विषय एकाच नळीने जोडलेले आहेत. ती नळी म्हणजे केबिन हीटरची.

छोट्या विमानात ऊब येते कुठून?

मोठ्या प्रवासी विमानात बहुतेक वेळा जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून गरम, दाबाखालची हवा काढून ती केबिनसाठी वापरली जाते. दोन-चार आसनांच्या, पिस्टन इंजिनाच्या विमानात अशी चैन नसते. तिथे ऊब येते सायलेन्सरमधून. उभ्या मोटरसायकलच्या सायलेन्सरला पोटरी लागून चटका बसलेला नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. तीच उष्णता इथे कामी येते. विमानाच्या भाषेत त्याला मफलर म्हणतात (गळ्याभोवती गुंडाळतात तो वेगळा, पण काम शेवटी तेच!).

या मफलरभोवती पत्र्याचे एक आवरण बसवलेले असते. बाहेरची थंड हवा या आवरणात शिरते, तापलेल्या मफलरला घासून जाते आणि लवचीक नळीतून केबिनच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोहोचते. इंजिन आणि केबिन यांच्यामधील या धातूच्या भिंतीला फायरवॉल म्हणतात. तिथे एक झडप असते. वैमानिकाने समोरची ‘केबिन हीट’ची मूठ ओढली की झडप उघडते आणि गरम हवा पायाशी येते. मूठ आत ढकलली की हीच हवा इंजिनाच्या कप्प्यात सोडून दिली जाते. पंखा नाही, मोटर नाही. हवा ढकलण्याचे काम विमानाचा वेगच करतो. त्यामुळे जमिनीवर उभे असताना हीटर जवळजवळ काहीच करत नाही आणि उतरताना इंजिनाचा जोर कमी केला की मफलर थंडावून ऊबही आटते.

दोन इंजिनांच्या अनेक विमानांत, उदाहरणार्थ पायपर सेनेका किंवा बीचक्राफ्ट बॅरनमध्ये, पंखांवर असलेल्या इंजिनांपासून उष्णता आणणे अवघड. म्हणून नाकात पेट्रोल जाळणारी वेगळी छोटी भट्टीच बसवतात. तिचे स्वतंत्र तपासणी-नियम आहेत, तो विषय वेगळा. येथे चर्चा आहे ती सेसना १७२ किंवा पायपर चेरोकीसारख्या साध्या, जगभर प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या विमानांची.

मग थंडी का जात नाही?

उष्णतेची कमतरता हे त्याचे कारण नाही. पिस्टन इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भागच पंख्याला मिळतो. बाकीची धुरातून आणि इंजिन थंड करणाऱ्या हवेतून बाहेर जाते. मफलरमधून जाणारा धूर सातशे-आठशे अंश सेल्सियसच्या घरात असतो. एवढी आग पुढ्यात असताना मागे बसलेल्याचे पाय गोठतात, कारण तितक्याच जोमाने थंड हवा केबिनमध्ये शिरत असते.

दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरते. जमिनीवर शून्य अंश असेल तर आठ हजार फुटांवर उणे १६. त्या हवेतून विमान ताशी १८५ किलोमीटर म्हणजे १०० नॉटने जात असते. दाराभोवतीच्या रबरी पट्टीची लांबी तीन मीटर धरली आणि तिच्यात सरासरी एक मिलिमीटरची फट राहिली, तर एकूण भोक ३० चौरस सेंटीमीटरचे होते. म्हणजे जवळपास दोन काडेपेट्यांएवढे. दोन काडेपेट्यांएवढे भोक आपल्या खिडकीच्या काचेला पडले तर महाबळेश्वरच्या जानेवारीत त्या खोलीत कुणी झोपणार नाही. आणि इथे वारा ताशी १८५ किलोमीटरचा आहे.

थंडीने वैतागलेला विमानमालक बहुधा आधी हीटरला दोष देतो. अनुभवी मेकॅनिक मात्र आधी फटी शोधतो. त्याचा क्रम बरोबर आहे.

वारा शिरतो कुठून?

समोरून, असे आपल्याला वाटते. काही प्रमाणात ते खरेही आहे. सेसनाच्या जुन्या विमानांत पुढच्या काचेच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत ओढून उघडायच्या गोल नळ्या असतात. पंखांच्या पुढच्या कडेवरून त्यांना ताजी हवा मिळते. उन्हाळ्यात त्या वरदान, हिवाळ्यात मात्र नीट बंद न झाल्याने थेट कानावर बर्फाळ झोत सोडतात. त्यांच्या आतल्या वर्तुळाकार पट्ट्या झिजलेल्या असतात.

मात्र सगळ्यात फसवी हवा मागून येते. कच्च्या रस्त्यावर जीपचा मागचा पडदा उघडा ठेवून गेल्यास काय होते, हे खेडोपाडी फिरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वारा समोरून येत असतो, पण धूळ मागून आत शिरते आणि डोक्यावर बसते. कारण धावत्या गाडीच्या मागे आणि कडांभोवती हवेचा दाब कमी होतो. विमानाचेही तसेच. केबिनच्या वळणदार भागावरून हवा वेगाने वाहते, तिथे बाहेरचा दाब घटतो आणि दारांच्या वरच्या कडेतून आतली हवा बाहेर ओढली जाते. ती गरम हवाच असते. तिची जागा भरायला शेपटीच्या पोकळीतून थंड हवा पुढे सरकते. शेपटीकडे जाणाऱ्या तारा, त्यांच्यासाठी ठेवलेली छिद्रे, सामानाच्या कप्प्यामागचा सैल पडदा, फ्लॅप आणि चाकांच्या दांड्यांभोवतीच्या मोकळ्या जागा या सगळ्यांतून ती येते. म्हणून मागच्या प्रवाशाच्या मानेला वारा लागतो आणि तो बिचारा पुढच्या दाराकडे संशयाने पाहतो.

दारांचेही नखरे असतात. पायपर चेरोकीला एकच दार, उजव्या बाजूला, आणि त्याला दोन कड्या. एक बाजूची, एक वरची. वरची कडी थोडी सैल असली तरी उड्डाणात दाराचा वरचा कोपरा बाहेर ओढला जातो. जमिनीवर घट्ट दिसणारे दार हवेत फट दाखवते, त्यामुळे हँगरमध्ये केलेली पाहणी पुरेशी ठरत नाही.

फटी शोधायच्या आणि बुजवायच्या कशा?

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. रात्री हँगरमधले दिवे मालवून एकाने केबिनमध्ये जोरदार विजेरी घेऊन बसायचे आणि दुसऱ्याने बाहेरून फेरी मारायची. जिथे उजेडाची रेघ दिसते, तिथे वारा शिरतो. फ्रिजच्या दारासाठी घरोघरी करतात ती कागदाची चाचणी इथेही चालते. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढायची. सहज सुटली तर तिथे रबर दाबले जात नाही. उड्डाणात सहप्रवाशाने टिश्यू कागदाची चिंधी कडांजवळून फिरवली की उरलेल्या जागा कळतात. अर्थात हे काम वैमानिकाने करायचे नाही.

उपाय करताना एक चूक हमखास होते. फट दिसली की जाड पट्टी आणून चिकटवायची. जाड रबरामुळे दार एका ठिकाणी टेकते आणि दुसरीकडे उचलले जाते. वर आणखी जोर लावून बंद केल्याने पातळ पत्र्याचे दार कायमचे वाकते. मग नवी फट, नवी पट्टी. त्याऐवजी बिजागरी आणि कड्या आधी नीट बसवून, दाबल्यावर सहज चपटे होणारे पोकळ सील वापरणे बरे. सिलिकॉनचे सील थंडीत कडक होत नाही, म्हणून ते अधिक पसंत केले जाते. जुने गोंदाचे थर खरवडून काढण्याचे काम मात्र कंटाळवाणे आहे, आणि निम्मे लोक नेमके तेच टाळतात.

सामानाच्या कप्प्यामागचा पडदा नीट ताणून बसवला, तारांच्या छिद्रांवर योग्य त्या रबरी टोप्या घातल्या तर फरक लगेच जाणवतो. मात्र तारांच्या हालचालीला कशाचाही स्पर्श होता कामा नये. ऊब मिळवण्यासाठी कोंबलेला फोमचा तुकडा सुटून नियंत्रण-तारेत अडकला, तर गारठ्याची तक्रार करायला कुणी उरणार नाही. परवानाधारक विमान-देखभाल अभियंत्याच्या सहीशिवाय यातले काहीही करू नये, हे नियम म्हणूनच आहेत.

यात एक मेख आहे. केबिन पूर्ण बंदिस्त केली तर हीटरची हवा आत येणार कशी? आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट हवीच. घरात कूलर लावून सगळ्या खिडक्या बंद केल्यास जे होते तेच इथे होते. त्यामुळे सगळ्या फटी बुजवण्यापेक्षा हवा कुठून येणार आणि कुठून जाणार, हे ठरवणे महत्त्वाचे.

हीटरच कमकुवत असेल तर?

फटी बंद करूनही थंडी राहिली तर नळीकडे वळावे. मफलरच्या आवरणापासून फायरवॉलपर्यंतची ती लवचीक, बहुधा नारिंगी-लाल नळी इंजिनाच्या कप्प्यात कशाला तरी घासून फाटते आणि गरम हवा वाटेतच गळते. झडपेची तार सरकलेली असते. मूठ पूर्ण ओढली तरी झडप अर्धीच उघडते. आवरणात थंड हवा नेणारी नळी निसटलेली असते. ही सगळी दुरुस्ती स्वस्त आहे.

अतिथंड प्रदेशांसाठी सेसना १७२ ला हिवाळी संच मिळतो. त्यातील पट्ट्या इंजिनाच्या पुढच्या हवेच्या तोंडांचा काही भाग झाकतात, म्हणजे इंजिन अति थंड होत नाही. साधारण उणे सात अंशांखालीच तो वापरायचा असतो. थंडी ओसरल्यावर तो काढायला विसरले तर इंजिन तापते.

मागच्या आसनांना मात्र या विमानांत न्याय मिळत नाही. सेसना १७२ मध्ये मागच्या प्रवाशांसाठीची गरम हवा पुढच्या दाराच्या खांबाजवळ, जमिनीलगत सोडली जाते. तिथून मागे पोहोचेपर्यंत तिची ऊब बरीच गेलेली असते. यावर घोंगडीला पर्याय नाही. बर्फाळ भागातले जाणते वैमानिक तसेही केबिन कितीही उबदार असली तरी बाहेरच्या थंडीला पुरतील असे कपडे सोबत ठेवतात. आणीबाणीत कुठे उतरावे लागेल, याचा नेम नसतो.

ऊब विषारी कशी होते?

हीटरची हवा आणि इंजिनाचा धूर यांच्यात केवळ मफलरचा पातळ पत्रा असतो. रोज सातशे अंशांपर्यंत तापणारा आणि थंड होणारा, सतत थरथरणारा हा पत्रा कधी तरी तडकतो. तडा आवरणाच्या आत असल्याने वरवर दिसत नाही. मग हीटर उघडला की उबेबरोबर धूरही पायाशी येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन असतो. हिमोग्लोबिनशी त्याचे सख्य प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी जास्त. बंद बाथरूममधील गॅस गीझर किंवा दारे-खिडक्या लावून पेटवलेली कोळशाची शेगडी दर हिवाळ्यात आपल्याकडे बळी घेते, तोच हा वायू.

आकाशात त्याला दोन गोष्टी साथ देतात. उंचीवर प्राणवायू आधीच विरळ असतो. आणि वर चढताना इंजिनाला पेट्रोलचे मिश्रण सढळ दिले जाते, त्यामुळे हा वायू अधिक तयार होतो. नेमका तेव्हाच हीटर उघडलेला असतो. डोके दुखते, मळमळते, जांभया येतात. वैमानिकाला वाटते दमलो, हवा लागली. निर्णयशक्ती आधी जाते, शुद्ध नंतर. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातील ड्यूलथहून निघालेल्या मूनी विमानाचा एकटा वैमानिक असाच बेशुद्ध झाला. ऑटोपायलट सुरू होता. इंधन संपेपर्यंत विमान उडत राहिले आणि बर्फाच्छादित शेतात आपसूक टेकले. वैमानिक जखमी होऊन वाचला. मफलर तडकलेला होता. असे नशीब क्वचितच मिळते.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, एफएएने, मफलर-आधारित हीटर असलेल्या विमानांत दर एक हजार उड्डाण-तासांनी मफलर बदलण्याची शिफारस केली आहे. शिफारस, सक्ती नव्हे. तपासणीची पद्धत सोपी आहे. धुराड्याच्या टोकातून व्हॅक्यूम क्लीनरच्या उलट्या झोताने हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढतात तसे बुडबुडे जागा दाखवतात. त्यासाठी आवरण काढावे लागते. ते न काढता केलेली तपासणी ही कागदावरची तपासणी.

फटी बुजवल्याने धोका वाढतो का?

कोणत्या फटी बुजवल्या, त्यावर हे अवलंबून आहे. फायरवॉलमधून तारा आणि नळ्या जातात, त्यांच्याभोवतीची छिद्रे अग्निरोधक सीलने बंद केली तर गारठाही थांबतो आणि इंजिनाच्या कप्प्यातला धूरही. दारांचे आणि शेपटीचे सीलही तसेच. पोटाखालून वाहणारा धूर जीपमधल्या धुळीसारखा तिथूनच आत ओढला जातो. पण ताज्या हवेच्या नळ्या हिवाळाभर चिकटपट्टीने पक्क्या बंद करणे ही वेगळी गोष्ट आहे. ही काही विमानतळांवर सर्रास दिसणारी युक्ती घातक आहे. वायू शिरल्याचे कळल्यावर करायचे पहिले काम म्हणजे हीटर बंद करणे आणि ताज्या हवेची सगळी तोंडे उघडणे. ती उघडताच येत नसतील तर? त्या नळ्यांची झिजलेली पट्टी बदलणे हा योग्य उपाय, म्हणजे हवे तेव्हा बंद आणि हवे तेव्हा उघड्या. प्राणवायूची सोय असल्यास तो लावावा, नियंत्रण कक्षाला कळवावे आणि जवळच्या धावपट्टीवर उतरावे. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, त्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणून प्रवास पुढे चालू ठेवणे हा वेडेपणाच.

इशारा देणारे यंत्र सक्तीचे आहे का?

सालाच्या विमानात आवाज किंवा दिव्याने इशारा देणारे यंत्र नव्हते. धुराड्याच्या नियमित तपासण्यांमुळे विषबाधेचा धोका पूर्णपणे टळत नाही, हेही त्या चौकशीने स्पष्ट केले. ब्रिटनने १ जानेवारी २०२५ पासून, वैमानिक नसलेले प्रवासी घेऊन उडणाऱ्या पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत असे यंत्र बाळगणे बंधनकारक केले आहे. अमेरिकेत राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जानेवारी २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार १९८२ ते २०२० या काळात या वायूशी निगडित ३१ अपघात झाले. त्यात ४२ जणांचा मृत्यू झाला. त्या ३१ पैकी केवळ एका विमानात हा वायू ओळखणारे साधन होते, आणि तेही स्वतःहून इशारा देणारे नव्हते. मंडळाने २००४ मध्येही यंत्राच्या सक्तीची मागणी केली होती. एफएएने शिफारशीवर भागवले.

बाजारात मिळणारे रंग बदलणाऱ्या ठिपक्याचे कार्ड स्वस्त असते, पण काही महिन्यांत निकामी होते आणि त्याकडे कुणी पाहिले तरच उपयोग. घरगुती अलार्मही फारसा कामाचा नाही. दशलक्ष भागांत ७० भाग इतके प्रमाण असताना वाजण्यासाठी त्याला एक ते चार तासांची मुभा मानकांनीच दिलेली असते. तोवर विमान कुठे असेल, सांगता येत नाही. वैमानिकांसाठीची इलेक्ट्रॉनिक यंत्रे ५० भागांच्या आसपास आणि लवकर बोलू लागतात. एका तासाच्या उड्डाणाला जळणाऱ्या पेट्रोलच्या तुलनेत त्यांची किंमत फार नाही.

महाराष्ट्रातील प्रशिक्षणार्थींना याचे काय?

बारामती, धुळे किंवा गोंदियात विमान शिकणाऱ्या मुलांचा ‘केबिन हीट’च्या मुठीशी संबंध फार येत नाही. विदर्भातील डिसेंबरची पहाट सोडली तर ती आतच ढकललेली असते. त्यातलेच काही जण, आणि थेट परदेशी जाणारे अनेक मराठी विद्यार्थी, तास पूर्ण करायला कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत जातात. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात ती मूठ पूर्ण ओढून ठेवायची सवय लागते. विमान भाड्याचे, मफलरचे वय माहीत नाही. अशा वेळी लॉगबुक मागून मफलर कधी बदलला हे विचारणे हा विद्यार्थ्याचा आगाऊपणा नव्हे, उड्डाणपूर्व तपासणीचाच तो भाग. स्वतःचे छोटे यंत्र खिशात ठेवून उडणारेही आता दिसतात.

हीटर कधी न वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. मूठ आत असताना गरम हवा इंजिनाच्या कप्प्यातच सोडली जाते. मफलर तडकलेला असेल तर धूरही तिथेच साचतो आणि फायरवॉलवरच्या बुजवायच्या राहिलेल्या छिद्रातून मे महिन्याच्या उन्हातही केबिनमध्ये येऊ शकतो.